दारापासून सातवी फरशी

मुलांनो, जिथे बसला आहात तिथेच जरा खाली वाका. हाताशी चमचा असेल तर चमचा घ्या, नसेल तर बोटाचं पेर चालेल. जमिनीवर एकदा ठोका. ‘ठक्’ असा आखूड, जागच्या जागी संपणारा आवाज आला ना? म्हणजे खाली सगळं भरलेलं आहे. आता कल्पना करा, की शेजारच्या फरशीवर ठोकलं आणि ‘ढब’ असं काहीतरी आलं, रिकाम्या डब्यासारखं, जरा लांबणारं. म्हणजे तिच्या खाली माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट आणि वाळू, नीट पोचलेला नाही, हवा राहिली आहे. वरून दोन्ही फरश्या सारख्याच दिसतात. तोच रंग, तीच चकाकी. फरक फक्त कानाला कळतो, आणि तोही शिकवलेल्या कानाला. आता आणखी थोडी कल्पना करा. एक माणूस आहे. तीस वर्षं तो फरश्या बसवतो आहे. इतरांना चेहरे लक्षात राहतात, तसे त्याला जमिनींचे आवाज लक्षात राहतात. आपण त्याच्या डोक्यात शिरून बसणार आहोत. आत जागा अडचणीची आहे, आणि या आठवड्यात तिथे फारशी शांतता नाही, पण तुम्ही सांभाळून घ्याल.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. सोमवारी सकाळी आठ वाजता मिस्त्री कामावर निघाला, तेव्हा त्याच्या मनात काहीही नव्हतं. पलंगावरून बायको म्हणाली होती, येताना दूध आणा, आणि तो ‘दूध, दूध’ असं घोकत दाराशी बूट चढवत होता. बूट पायात बसावा म्हणून टाच आपटायची त्याची सवय. टाच आपटली, आणि त्याचा हात नाडीवर थबकला. बुटाचाच आवाज असेल, त्याला वाटलं. त्याने बूट काढला, खाली बसला आणि बोटाने ठोकलं. ढब. पहिल्यांदा त्याला वाटली ती लाज. त्याने पटकन मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. शिंप्याच्याच अंगावर फाटका सदरा असावा तसं झालं होतं, कारण ही जमीन त्याने स्वतः बसवली होती, तीन वर्षांपूर्वी, आणि एकूण एक फरशी दोनदा ठोकून पाहिली होती. लोकांच्या घरी तो एकदाच ठोकायचा. मग त्याने स्वतःची समजूत घातली. ऊन असतं, ओल असते, दाराचे धक्के असतात, सुटते एखादी फरशी. रविवारी उचलू आणि नीट बसवू. दिवसभर तो कामावर होता, एका वाचनालयाची जमीन चालली होती, आणि प्रत्येक फरशी बसवल्यावर तो जरा जास्तच वेळ तिच्यावर कान लावून राहत होता. हाताखालची माणसं एकमेकांकडे बघून हसत होती. संध्याकाळी तो दूध विसरला.

मंगळवारी सकाळी त्याने बूट घालायच्या आधीच ठोकून पाहिलं. ठक्. त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तो स्वतःवरच हसला, म्हातारा झालास, कान गेले म्हणाला, आणि हातातल्या हातोडीच्या दांड्याने सहज, गंमत म्हणून, पुढच्या फरशीवर टिचकी मारली. ढब. तो तसाच उकिडवा बसून राहिला. मुलांनो, इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर तो का घाबरला ते कळणार नाही. बसलेली फरशी सुटू शकते. सुटलेली फरशी आपली आपण पुन्हा बसत नाही. नासलेल्या दुधाचं पुन्हा दूध होत नाही, तसंच हे. पोकळी एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसली, असं तीस वर्षांत त्याने कधी ऐकलं नव्हतं, आणि धंद्यातली माणसं काय वाट्टेल ते ऐकवतात. त्याने दाराची फरशी पुन्हा ठोकली, मग दुसरी, मग पहिली. “सकाळी सकाळी काय ठोकताय?” पलंगावरून आवाज आला. “काही नाही गं,” तो म्हणाला, “हातोडीचा दांडा ढिला झालाय.” तीन वर्षांत तो तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलला, आणि हे आपण मोजलं, याचंच त्याला नवल वाटलं.

बायकोला सातवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, न्हाणीघरापर्यंत जायचं तेवढं उठायचं, बाकी पडून राहायचं, धक्का नको, धूळ नको, काळजी नको. पहिल्या दोन गोष्टी मिस्त्रीने मनावर घेतल्या होत्या. तो कामाचे कपडे बाहेर झटकून यायचा, दार हळू लावायचा. खोली एकच, लांबट, मागे स्वयंपाकघर. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी, खिडकीखाली पलंगाची उशाकडची बाजू. दारापासून खिडकीपर्यंत एका ओळीत आठ फरश्या. बुधवारी तिसरी पोकळ वाजली आणि दुसरी भरली. तेव्हा त्याने उभं राहून ती सबंध ओळ नजरेने मोजली आणि त्याच्या लक्षात आलं, की पोकळी सरळ जाते आहे. आजूबाजूच्या ओळीत शिरत नाही, मागे फिरत नाही. रोज एक फरशी, पलंगाकडे.  आपण काय विचार करतो आहोत हे त्याला कळत होतं, आणि ते मोठ्याने म्हटलं तर वेड्यासारखं वाटेल हेही कळत होतं, पण पाय थंड पडले होते, त्यांना ते कळत नव्हतं.

“पलंग त्या भिंतीला लावू या का?” संध्याकाळी त्याने विचारलं.

“का बरं?”

“इथे खिडकीतून वारा लागतो तुला.”

“तोच एक येतो मला भेटायला. दिवसभर दुसरं कोण येतंय इथे?” ती शेंगा सोलत होती, मांडीवर परात होती. “आणि मला उचलून नेणार, की पलंगासकट?”

“पलंगासकट.”

“मी काय फरशी आहे, इथून काढली आणि तिथे बसवली?” ती हसली. तोही हसला, पण जरा उशिरा, आणि तिने तो उशीर टिपला. तिचं असंच होतं. तो कानाचा तयार होता, तशी ती डोळ्यांची. “काय झालंय तुम्हाला?”

“कुठे काय. कामाचा व्याप.”

 एक शेंग सोलून तिने दाणे परातीत टाकले आणि त्याच्याकडे जितका वेळ बघायला हवं त्याहून थोडा जास्त वेळ बघत राहिली. असं ती अलीकडे पुष्कळदा बघायची. खरं तर अलीकडे नाही, तीन वर्षं.

गुरुवारी चौथी. त्या दिवशी वाचनालयात शेवटची खोली चालली होती. फरशी बसवणारा माणूस नेहमी आतल्या भिंतीपासून सुरुवात करतो आणि मागे मागे सरकत दाराकडे येतो. तसं केलं नाही, तर स्वतःच्या ओल्या कामावर पाय देऊन बाहेर पडावं लागेल. शिकाऊ पोरालासुद्धा हे पहिल्या दिवशी सांगतात. मिस्त्री दुपारी तसाच सरकत होता, गुडघ्यांखाली पोतं, हातात थापी, आणि दाराजवळची शेवटची फरशी ठेवताना त्याचा हात हवेत राहिला. शेवटची. दाराजवळची ही शेवटची. घरीसुद्धा दाराजवळची शेवटची होती. खिडकीपासून सुरू केली ती ओळ आणि दाराशी संपवली. म्हणजे सोमवारी वाजली ती त्या दिवशीची अखेरची फरशी, मंगळवारची तिच्या आधीची, बुधवारची तिच्याही आधीची. पोकळी उलटी चालली होती. ती त्या दिवसातून मागे मागे जात होती. “मिस्त्री, माल आवळतोय,” कुणीतरी म्हणालं. सिमेंट घट्ट व्हायला लागलं, की माल आवळला असं म्हणतात. त्याने फरशी ठेवली, दाबली, ठोकली. आवाज काय आला, हे त्याने ऐकलंच नाही.

तो दिवस त्याने नीट घडी करून, कुठेतरी तळाशी, वर बरंच काही रचून ठेवून दिला होता. बाळ दोन महिने आधी आलं होतं. मुलगा. तीन दिवस काचेच्या पेटीत होता, मूठभर, आणि आई शेजारच्या खोलीत. मोठी मुलगी तेव्हा पाच वर्षांची, ती मावशीकडे. मिस्त्री संध्याकाळी दवाखान्यात जायचा आणि दिवसा घरी जमीन करायचा, कारण आधीची जमीन खरखरीत होती, आणि पोर रांगायला लागलं तर त्याचे गुडघे सोलले असते. कुणी विचारलं असतं तर त्याने अगदी हसतमुखाने सांगितलं असतं, अजून पेटीत आहे, पण रांगेलच की. शेवटची ओळ राहिली होती. खिडकीशेजारची पहिली फरशी बसली, आणि मोबाईल वाजला. हात मालात होते, म्हणून त्याने मनगटाने तो चालू केला. नर्स होती. “लगेच या,” ती म्हणाली. “लगेच म्हणजे कधी?” त्याने विचारलं. इतका मूर्ख प्रश्न त्याने आयुष्यात कुणाला विचारला नसेल. “अहो, लगेच म्हणजे लगेच.” “निघालोच,” तो म्हणाला. फोन बंद झाला. समोर घमेलं होतं, नुकताच कालवलेला माल, सात फरश्यांना पुरेल एवढा. कालवलेला माल सोडून उठायचं नाही. हा नियम त्याच्या हाडांत होता. ज्यांनी त्याला काम शिकवलं, त्या थोरल्या मिस्त्रींनी तो पाठीत धपाटे घालून मुरवला होता. माल सोडला की दगड होतो, घमेलं जातं, काम जातं, नाव जातं. त्याने फरशी उचलली. मग दुसरी. हात न थरथरता चालत होते, दोरी सरळ होती, पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये होता. इतकी सुरेख ओळ त्याने पूर्वी कधी बसवली नव्हती. सातवी दाराशी बसली, तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. रस्त्यावर आल्या आल्या गाडी मिळाली. दवाखान्यात पोचला तेव्हा बायको भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात ते होतं, आणि त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. “इतका वेळ?” ती म्हणाली. “गाडीच मिळेना,” तो म्हणाला. ते पहिलं खोटं.

नियमामुळे उशीर झाला, असं त्याने तीन वर्षं स्वतःला सांगितलं होतं. वाचनालयाच्या त्या रिकाम्या खोलीत, भिंतीला पाठ लावून बसल्यावर, त्याला त्याखालचंही थोडं दिसलं. जोवर आपण फरशी बसवतो आहोत, तोवर तिकडे काही झालेलं नाही, असं त्या वेळी त्याला वाटलं होतं. नुसतं वाटलं नव्हतं, तसा त्याचा विश्वासच बसला होता. म्हणून तो उठला नाही. आणि ‘निघालोच’ म्हणून झाल्यावर त्याने जी फरशी उचलली, ती दारापासून सातवी. रविवारी पोकळी तिथे पोचणार. त्या फरशीवर पलंग, पलंगावर बायको, आणि तिच्या पोटात सात महिन्यांचं. एका पोराच्या वेळी बापाने उशीर केला, त्याचं काय ते दुसऱ्या पोराकडून वसूल होणार, असला विचार तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकता तर म्हणाला असता, काहीतरीच काय. पण दुसरं कुणी बोलतच नव्हतं. सगळं त्याच्याच डोक्यात चाललं होतं, आणि तिथे त्याला काहीतरीच काय म्हणणारं कुणी नव्हतं.

शुक्रवारी पाचवी. पलंगाच्या पायथ्याशी, अर्धी आत. बायको झोपली होती, म्हणून त्याने नखाने ठोकलं, आणि नखालाही कळलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलगी त्याच्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. मुलगी आता आठ वर्षांची. तिला सगळे खारू म्हणत, कारण तिचे पुढचे दोन दात बाकीच्यांच्या आधी घाई करून मोठे झाले होते आणि ती चार दाणे सापडले तरी कुठेतरी लपवून ठेवायची. लहानपणापासून ती बापाच्या मागे मागे फिरून ठोकायला शिकली होती. बरणी, कलिंगड, कपाटाचं दार, एकदा पाहुणे असताना बापाचं पोट. “भरीव,” तिने सांगितलं होतं, आणि पाहुण्यांचा चहा सांडला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “आज ती पलंगाखाली शिरली ना?”

“कोण?”

“पोकळी.”

त्याने कप खाली ठेवला. “तुला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? मी ठोकून बघते, तू गेलास की. शाळेत जाताना.” बिस्कीट तुटून चहात पडलं, ते तिने चमच्याने शोधलं. “सोमवारी दारात होती. मग रोज एक घर पुढे.”

“आईला बोललीस?”

“नाही. तू बोलला नाहीस ना. मला वाटलं गुपित आहे.”

“घाबरलीस?”

“फरशीला कोण घाबरतं?” ती म्हणाली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, अगदी तिच्या आईसारखं, आणि जरा विचार करून म्हणाली, “तुला घाबरायचं असेल तर घाबर. मी नाही सांगणार कुणाला.”

म्हणजे कान गेले नव्हते. दिवसभर त्याला हीच एक आशा होती, की आपल्या कानांतच काहीतरी बिघडलं असेल, आणि ती आता बिस्किटाच्या चोथ्याबरोबर कपाच्या तळाशी गेली. आठ वर्षांच्या पोरीला त्या फोनबद्दल, त्या सात फरश्यांबद्दल, अहो, त्या भावाबद्दलच काही ठाऊक नव्हतं. आई आजारी होती, एवढंच तिला सांगितलं होतं. आणि तरी तिला तेच ऐकू येत होतं.

शनिवारी पलंगाखाली हात लांब करून, खांदा लाकडाला घासत, त्याने सहावी ठोकली आणि दुपारी काम अर्धवट टाकून थोरल्या मिस्त्रींकडे गेला. त्यांचे गुडघे कधीच गेले होते. ते गच्चीत खुर्चीवर बसून समोरच्या बांधकामाला शिव्या घालत होते.

“थोरले, एक विचारायचं होतं. पोकळ झालेली फरशी परत भरते का?”

“भरते की. उचलायची, माल घालायचा, बसवायची.”

“तसं नाही. आपोआप.”

“आपोआप फक्त पोट सुटतं,” थोरले म्हणाले. “कुणाच्या घरी?”

“आहे एक गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाइकाला म्हणावं, आधी कान दाखवून ये.”

मिस्त्री हसला नाही. कठड्यावर बोटाने उगाच ठोकत राहिला. मग म्हणाला, “थोरले, तुम्ही कधी कालवलेला माल सोडून उठलात?”

“कधी म्हणजे? दहादा उठलो असेन. एकदा रस्त्यात दोघांची जुंपली होती, ते बघायला गेलो. फार छान भांडत होते. परत येतो तर मालाचा दगड. फोडला, टाकला, दुसरा कालवला.”

“पण तुम्ही तर आम्हाला उठू द्यायचा नाहीत. धपाटे घालायचात.”

“मग काय सांगायचं तुम्हाला? उठा म्हणून? तुम्ही चहाला गेलात की तासभर उगवायचा नाहीत. एक घमेलंभर माल तो. त्याला काय सोनं लागलंय?” थोरले हसता हसता थांबले. “काय रे? तोंड का असं झालं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणणाऱ्याचं तोंड असं नसतं.”

पण मिस्त्री उठला होता. परतीच्या वाटेवर तो एकेका दुकानासमोरून चालत होता आणि त्याला दुकानं दिसत नव्हती. भांडण बघायला. दोन अनोळखी माणसांचं भांडण बघायला उठता येत होतं. तीन वर्षं ज्या भिंतीला पाठ टेकून तो उभा होता, ती भिंत नव्हतीच, कुणीतरी पोरांना धाकात ठेवायला मारलेली एक थाप होती. आता त्याच्या मागे काही नव्हतं. फक्त पुढे होतं, आणि पुढे रविवार होता.

रविवारी दुपारी खिडकीतून ऊन सरळ पलंगावर आलं होतं. बायको जागी होती, उशीला टेकून एका जुन्या झबल्याची शिवण उसवत होती. मिस्त्रीने पलंगाखालची ट्रंक हळूच बाहेर ओढली, जुन्या चादरींचं बोचकं बाजूला केलं आणि पालथा पडून आत डोकं घातलं. खांदे अडकले. हात लांबवला तर हातोडीचा दांडा सातव्या फरशीच्या अलीकडे संपत होता. एक वीत उरत होती. तो बाहेर आला. कपाळाला धूळ, मानेवर घाम. नाही ठोकलं तर काय होईल, त्याने विचार केला. न ऐकलेला आवाज असतो का? आणि लगेच त्याला कळलं, की हे तेच आहे. जोवर आपण ठोकत नाही, तोवर तिकडे काही झालेलं नाही. त्याच्या हातातून हातोडी कुणीतरी काढून घेतली. खारू होती. तिने ती उलटी धरली, दांडा पुढे, जसं त्याने शिकवलं होतं, आणि एक शब्द न बोलता सरपटत आत गेली. तिचे तळपाय तेवढे थोडा वेळ दिसत राहिले, मग तेही आत गेले.

“तुम्ही दोघं काय शोधताय?” बायकोने विचारलं.

मिस्त्री गुडघ्यांवर होता. 

“बाबा सांगेल,” पलंगाखालून आवाज आला.

त्याने पलंगाच्या कडेला हात टेकले.  “त्या दिवशी,” तो म्हणाला, “गाडी लगेच मिळाली होती.”

बायकोची सुई थांबली.

“फोन आला तेव्हा मी ही ओळ बसवत होतो. माल कालवलेला होता. मी निघालोच म्हटलं, आणि निघालो नाही. सात फरश्या बसवल्या. चाळीस मिनिटं.” त्याला वाटलं होतं, की हे सांगताना छातीतलं काहीतरी फुटेल, पण ते नुसतं बाहेर येत होतं, सपाट, मोजलेलं. “माल वाया जाईल म्हणून नाही. मी घाबरलो.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला.

“तुम्ही त्याला माझ्या मांडीवरून उचललंत, तेव्हा फडक्याला तुमची बोटं उमटली. माल ओला होता. गाडीसाठी तासभर ताटकळलेल्या माणसाच्या हाताचा माल वाळून पडायला लागलेला असतो. मिस्त्रीची बायको आहे मी, इतकं मला कळतं.” तिचा आवाज वर गेला नाही. “तीन वर्षं मी वाट बघतेय, की आज सांगतील, उद्या सांगतील. हे पोटात राहिलं तेव्हा वाटलं, आता तरी सांगतील. तर तुम्ही म्हणता, पलंग हलवू या, वारा लागतो.”

“विचारलं का नाहीस?”

“का विचारू? सांगायचं तुमच्याकडे होतं.”

ऊन तिच्या गुडघ्यांवरून थोडं सरकलं होतं. त्याने तीन वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. “फोननंतर तो किती वेळ होता?”

“अर्धा तास. त्याने माझं बोट धरलं होतं, हे करंगळीशेजारचं. नर्स म्हणाली, येतायत ना याचे बाबा? मी म्हटलं, येतायत. तीनदा म्हटलं.” तिने झबलं बाजूला ठेवलं. “तुम्ही आला असतात तर त्याला बरं वाटलं असतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटलं असतं.”

तो तसाच गुडघ्यांवर राहिला. रडावं असं त्याला वाटलं, पण तेवढाही हक्क आपल्याला आहे का, हे त्याला ठरवता येईना. तिचा हात पोटावर होता, आणि त्या हाताखाली चादर एकदा उचलली गेली आणि खाली बसली. आतलं कुणीतरी कूस बदलत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि हात तिथून काढला नाही, पण जरासा बाजूला घेतला, शेजारी आणखी एक हात मावेल इतका. त्याने स्वतःचे तळवे उलटून पाहिले. धुळीने भरले होते. तो ते सदऱ्याला पुसत राहिला, पुसतच राहिला.

मग पलंगाखाली ठोकल्याचा आवाज झाला. एकदाच. तीस वर्षांचा तयार कान, आणि त्याला काही कळलं नाही. स्वतःच्या छातीतली धडधड कानांत इतकी भरली होती, की भरीव काय आणि पोकळ काय, दोन्ही त्या धडधडीत बुडून गेलं.

“कशी वाजली?” त्याने विचारलं.

  मग खारूचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

“त्याचं नाव काय होतं?”

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. “ठेवायचं राहिलं,” ती म्हणाली.

 मिस्त्री खाली वाकला. गाल जमिनीला लागला, जमीन गार होती. आत अंधूक उजेडात खारू कुशीवर पडली होती, त्याच्याकडे पाठ करून. हातोडी तिने बाजूला ठेवली होती, अजिबात आवाज होऊ न देता. तिने तळहाताने समोरच्या फरशीवरची धूळ पुसून काढली, एकदा, दोनदा, कोपऱ्यांतूनसुद्धा. आणि मग ती थोडी मागे सरकली, एका अगदी लहान मुलाला पुरेल एवढी जागा तिने शेजारी मोकळी केली.